उसाच्या रसाचा उत्कलनांक नेमका किती लिहायचा?

विज्ञानबाई_करवीर

नमस्कार मंडळी. मी करवीर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये आठवी-नववीला विज्ञान शिकवते. सध्या मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण हा भाग चालू आहे. नुसता तक्ता पाठ करून घेण्यापेक्षा मुलांना शाळेजवळच्या गुऱ्हाळावर नेलं. जाण्याआधी प्रयोगशाळेत डिस्टिल्ड वॉटर उकळून तापमान घेतलं होतं. गुऱ्हाळावर लोखंडी नळीतला, २०० अंशांपर्यंतचा थर्मामीटर होता, तो मालकांनी आनंदाने दिला.

मुलांनी वहीत लिहिलेलं असं: डिस्टिल्ड वॉटर ९८ अंशांना उकळलं आणि पुढे वाढेना. काहिलीतला, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतला, रस ९८-९९ ला उकळायला लागला. रस स्वच्छ करायला चुना, भेंडीचं पाणी, वर आलेली मळी (गाळाचा फेस) काढणं हे सगळं होईपर्यंत तापमान फारसं हललं नाही. मग हळूहळू १०१, १०३. काकवी झाली तेव्हा १०५. त्यानंतर मात्र भराभर चढलं आणि गुळव्यांनी (गूळ करणाऱ्या कारागिरांनी) काहील उतरवा म्हटलं तेव्हा ११७. एवढा सगळा वेळ रस उकळतच होता.

आता प्रश्न आले ते असे. एक मुलगा म्हणाला, "बाई, उकळताना तापमान वाढत नाही असं तुम्हीच सांगितलंत." गुऱ्हाळ जिच्या घरचं आहे ती मुलगी म्हणाली, "आमचा गूळ एकजीव असतो, गुळाचा रवा, म्हणजे ढेप, कुठूनही फोडा, सारखाच. मग तो मिश्रण कसा?" आणि मागच्या बाकावरून तिसरा प्रश्न आला, "साखरेत तरी कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन अशी तीन मूलद्रव्यं आहेतच की. मग ती शुद्ध कशी?"

व्याख्या मला येतात. पण मुलांनी डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीला "पुस्तकात असं दिलंय" हे उत्तर मला द्यायचं नाही. आणि निरीक्षणाच्या तक्त्यात 'रसाचा उत्कलनांक' असा रकाना आम्ही आखून ठेवलाय. त्यात काय लिहायचं?

बीएस्सी_दुसरं_वर्ष

मॅडम, शुद्ध पदार्थाला ठरावीक उत्कलनांक असतो, मिश्रणाला नसतो. रस हे द्रावण आहे. विरघळलेल्या पदार्थामुळे पाण्याचा उत्कलनांक वाढतो. सूत्र असं: एक किलो पाण्यात एक मोल साखर, म्हणजे ३४२ ग्रॅम, विरघळली की सुमारे ०.५१ अंश वाढ. जेवढी साखर जास्त तेवढी वाढ जास्त. आणि पाणी ९८ ला उकळलं त्याचं कारण कोल्हापूरची उंची, पाण्यात काही दोष नाही.

शुगरलॅब_निवृत्त

मॅडम, मुलांना गुऱ्हाळावर नेलंत हे वाचून फार बरं वाटलं. नोकरीची सगळी वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे या प्रश्नावर सविस्तर लिहितो.

वरच्या विद्यार्थ्याने सांगितलेलं बरोबर आहे. उंचीचं आधी संपवतो. समुद्रसपाटीपासून दर तीनशे मीटर वर गेलं की पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणून ९८. महाबळेश्वरला हेच पाणी पंच्याण्णव-शहाण्णवला उकळेल. मुलांनी वहीत ९८ लिहिलं ते खोडून १०० करू देऊ नका. शुद्ध पाण्याची खूण १०० या आकड्यात नाही. पाणी उकळायला लागल्यापासून पातेलं कोरडं होईपर्यंत तापमान जागचं हललं नाही, ही खूण आहे.

ते का हललं नाही? पाणी उकळतं तेव्हा वाफ होऊन जातं तेही पाणी आणि पातेल्यात उरतं तेही पाणी. निम्मं उडालं तरी उरलेलं निम्मं पहिल्यासारखंच. त्यामुळे पहिल्या थेंबाला जे तापमान लागलं तेच शेवटच्या थेंबाला. दिलेली सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते.

काहिलीत तसं नाही. तिथून वाफ होऊन जातं ते पाणी, साखर मात्र जागेवर राहते. म्हणजे दर क्षणाला काहिलीतला पदार्थ बदलतोय. सकाळी ओतला तो रस आणि तासाभराने उकळत असलेला रस हे रसायनाच्या दृष्टीने दोन वेगळे द्रव आहेत, प्रत्येकाचं उकळण्याचं तापमान वेगळं. तुम्ही 'रसाचा उत्कलनांक' विचारता तेव्हा कुठल्या वेळच्या रसाचा, हे आधी ठरवावं लागेल. म्हणून त्या रकान्यात एक आकडा लिहू नका. रकाना पुसून तिथे आलेख काढायला लावा: आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर तापमान. पाण्याची रेघ आडवी येईल, रसाची चढती. तुमच्या धड्यातला मूळ फरक मुलांना त्या दोन रेघांत दिसेल.

आता मुलांनी नोंदलेली एक गोष्ट फार मोलाची आहे: आधी तापमान फारसं हललं नाही, शेवटी भराभर चढलं. याचा हिशेब करून दाखवा. शंभर किलो रस घ्या. त्यात साधारण वीस किलो विरघळलेले पदार्थ आणि ऐंशी किलो पाणी. तुमच्याकडच्या १०५ अंशांना, म्हणजे पाण्यापेक्षा सात अंश वर, त्या पाकात विरघळलेला भाग शेकडा पंचाहत्तरच्या घरात असतो. म्हणजे वीस किलोसोबत सहा-सात किलोच पाणी उरलं. सत्तरहून अधिक किलो पाणी उडालं तेव्हा कुठे सात अंश चढले. पुढे ११७ ला विरघळलेला भाग शेकडा अठ्ठ्याऐंशीच्या आसपास, म्हणजे पाणी उरलं तीन किलोच्या आत. शेवटचं चारेक किलो पाणी जाताना बारा अंश चढले! म्हणून तर गुळव्या पहिले दोन तास चुलवाणाकडे बघत गप्पा मारू शकतो आणि शेवटच्या काही मिनिटांत कुणाशी बोलत नाही. तेवढ्यात थोडा उशीर झाला तरी आधण, म्हणजे काहिलीतला सगळा पाक, करपतं.

तो ०.५१ चा नियम पातळ द्रावणापुरता चांगला. शेकडा पंच्याऐंशीच्या पाकाला तो लावलात तर साडेआठ अंश वाढ येते, प्रत्यक्षात ती बारा-तेराच्या पुढे असते. पाणी एवढं कमी उरलं की साखरेचे रेणू त्याला धरून ठेवतात, साधं सूत्र तिथे पुरत नाही.

गुळव्या गार पाण्यात थेंब टाकून गोळी बघतो, ते मुलांनी पाहिलं असेलच. ती परीक्षा थर्मामीटरपेक्षा कमी नाही. पाण्याचा उत्कलनांक गावाच्या उंचीप्रमाणे बदलतो, तसा पाकाचाही बदलतो. पण गोळीचा कडकपणा पाकात पाणी किती उरलंय यावर ठरतो, आणि ते रत्नागिरीत काय, पन्हाळ्यावर काय, सारखंच.

आता त्या मुलीचा प्रश्न, गूळ एकजीव दिसतो याचा. तिला सांगा की तिच्या घरच्या ताज्या गुळाचा खडा फोडून, फुटलेली बाजू भिंगाखाली धरून बघ. चमकणारे बारीक दाणे दिसतील आणि त्यांच्या मधे चिकट, तांबूस भाग. दाणे साखरेचे. मधला भाग म्हणजे ग्लुकोज, फ्रुक्टोज, क्षार, रंगद्रव्यं आणि पाणी यांचा दाट पाक. काहिलीत गरम असताना ते सगळं खरंच एकजीव होतं, ते समांगी मिश्रण. वाफ्यात, म्हणजे पाक ओतायच्या उथळ हौदात, थंड होताना साखरेने आपले दाणे वेगळे केले. काकवीच्या डब्याच्या तळाशी काही महिन्यांनी साखर बसते, तेही हेच.

दुसरी खूण पावसाळ्यात दिसते. गूळ पाझरतो, शेजारच्या डब्यातली साखर मात्र बऱ्यापैकी कोरडी राहते. हवेतला ओलावा ओढून घेण्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या त्या पाकाचा वाटा मोठा. मिश्रणात प्रत्येक घटक आपापला स्वभाव टिकवून असतो, हे वाक्य धड्यात असतं. पाझरणारा गूळ हा त्याचा पुरावा समजा.

आणि तिच्या वडिलांना विचारायला सांगा: खारवट रानातल्या उसाचा गूळ कसा होतो? चवीला खारट आणि लवकर पाझरणारा, असं कुठलाही गुऱ्हाळवाला सांगेल. जमिनीतले क्षार उसात येतात, उसातून रसात, रसातून गुळात. रान बदललं, वाण बदललं, ऊस कोवळा तोडला, की गुळातली प्रमाणं बदलली. तरीही त्याला आपण गूळच म्हणतो. घटकांचं प्रमाण बदललं तरी चालतं, ही मिश्रणाची लक्षणं.

आमच्या प्रयोगशाळेत रोज हेच मोजायचं काम. रसाचा ब्रिक्स काढायचा, म्हणजे शंभर भागांत विरघळलेले पदार्थ एकूण किती. मग पोल, म्हणजे त्यात साखर किती. ती पोलॅरिमीटरने, प्रकाशाचं प्रतल किती वळतं त्यावरून. पोलला ब्रिक्सने भागून शंभराने गुणलं की प्युरिटी. समजा मिश्र रसाचा, म्हणजे ऊस पिळताना पाणी घालून काढलेल्या रसाचा, ब्रिक्स १५ आणि पोल १२.५, तर प्युरिटी ८३. गुऱ्हाळात फक्त पाणी उडवतात आणि मळी काढतात, त्यामुळे गुळाची प्युरिटी रसाच्याच आसपास राहते. कारखान्यात पाणी उडवण्यावर काम थांबत नाही. व्हॅक्यूम पॅनमध्ये हवेचा दाब कमी केलेला असतो, म्हणून तो पाक ६५-७० अंशांनाच उकळतो आणि साखर करपत नाही. तिथे दाणा धरतो, म्हणजे साखरेचे स्फटिक बनू लागतात. पॅनमन काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन उजेडासमोर धरून दाणा बघतो, त्याची नजर फार तयार असते. दाणा वाढताना फक्त साखरेच्या रेणूला आत जागा मिळते, बाकीचे बाहेर ढकलले जातात. मग सेंट्रिफ्यूगल मशीनमध्ये फिरवून दाणे एकीकडे, मळी दुसरीकडे (ही मळी म्हणजे दाण्यांपासून सुटलेला दाट काळा पाक, गुऱ्हाळावरचा फेस नव्हे). हेच पुन्हा पुन्हा. शेवटी साखरेचा पोल ९९.८ च्या जवळ, आणि शेवटच्या मळीची प्युरिटी तिशीच्या घरात.

त्र्याऐंशीच्या एका रसातून एक नव्व्याण्णवच्या वरचा आणि एक तिशीतला असे दोन भाग निघाले, कुठलीही साखर नव्याने तयार न करता. जे असं वेगळं करता येतं ते मिश्रण. ९९.८ च्या साखरेचा पाक करून पुन्हा दाणा धरा: दाणे साखरेचेच, आणि उरलेल्या पाकातही जवळजवळ साखरच. पुढे वेगळं काढण्यासारखं काही उरलंच नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर उद्या लिहितो. तो मुलगा हुशार आहे, त्याला घाईत उत्तर द्यायचं नाही.

सेंद्रिय_शेतकरी

काका, तुमचं शास्त्र मान्य. पण गंधकाचा धूर दिलेली साखर शुद्ध आणि आमच्या शेतातला, काही न घालता केलेला गूळ मिश्रण, हे मुलांच्या मनावर बिंबलं तर उद्या ती गूळ खायची सोडतील. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते काय उगाच?

शुगरलॅब_निवृत्त

दादा, तुमची काळजी खरी आहे आणि मला ती पटते. म्हणून मुलांना हे स्पष्टच सांगायला हवं की पदार्थ एकाच प्रकारच्या रेणूंचा आहे की अनेक, एवढंच या वर्गीकरणात बघतात. खायला चांगला की वाईट, याचा इथे निर्णय नाही. दूध मिश्रण आहे, हवा मिश्रण आहे, आपलं रक्तसुद्धा मिश्रणच. गुळात लोह आहे, खनिजं आहेत, त्याचा तो वास आहे, ते सगळं तो मिश्रण आहे म्हणूनच. साखरेत यातलं जवळजवळ काही उरत नाही, कारण ते मळीत गेलं. कोल्हापुरी गुळाची ओळख इथली माती, इथलं पाणी आणि गुळव्याचा हात यांची आहे. मिश्रणात ती उतरू शकते. शुद्ध साखरेच्या दाण्याला ती ओळख कुठून येणार?

गंधकाचं म्हणाल तर रस स्वच्छ आणि फिका करायला कारखान्यात सल्फर डायऑक्साइड वापरतात. त्याचा अंश साखरेत फार थोडा राहतो आणि त्याला कायद्याने मर्यादा आहे. पण पिवळाधमक गूळ दिसावा म्हणून काही गुऱ्हाळांवर हायड्रॉस टाकतात, तेही गंधकाचंच संयुग. तुम्ही ते टाकत नाही, तुमचा गूळ काळपट तांबूस येत असणार आणि बाजारात त्याला भाव कमी मिळत असणार. गिऱ्हाइकाने रंगाला भुलू नये, हे मुलांना शाळेतच कळलं तर तुमचंही भलं होईल.

आता तिसरा प्रश्न, साखरेतल्या तीन मूलद्रव्यांचा.

साखरेच्या ३४२ ग्रॅममध्ये १४४ ग्रॅम कार्बन, २२ ग्रॅम हायड्रोजन आणि १७६ ग्रॅम ऑक्सिजन. शेकड्यात सांगायचं तर ४२.१, ६.४ आणि ५१.५. हे प्रमाण खारवट रानाने बदलत नाही, वाणाने बदलत नाही, ऊस कोवळा आहे की पक्व याने बदलत नाही. इतकंच काय, ऊस नसला तरी बदलत नाही. १७४७ मध्ये बर्लिनमध्ये मारग्राफ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने बीटच्या कंदातून साखरेचे दाणे काढले आणि ते उसाच्या साखरेसारखेच आहेत हे दाखवलं. युरोपातल्या थंड मातीत वाढलेलं कंदमूळ आणि आपल्याकडचा ऊस, दोन्हींतून आलेला साखरेचा रेणू एकच.

पुढे १८०० च्या आगेमागे प्रूस्त या फ्रेंच शास्त्रज्ञाने स्पेनमध्ये काम करताना हा नियम मांडला: संयुग कुठूनही आणा, कसंही तयार करा, त्यातल्या मूलद्रव्यांचं वजनी प्रमाण ठरलेलं असतं. बर्थोलेने त्याला कडाडून विरोध केला. त्याचं म्हणणं, प्रमाण परिस्थितीप्रमाणे कमीजास्त होऊ शकतं. वाद बरीच वर्षं चालला आणि त्यातून एक मोठी गोष्ट हाती लागली: ज्यांचं प्रमाण बदलत होतं ती संयुगं नव्हतीच, मिश्रणं होती. तुमचा मागच्या बाकावरचा मुलगा ज्या जागी अडकलाय तिथे त्या काळचे मोठमोठे लोक अडकले होते. हे त्याला जरूर सांगा.

आणि तपासून बघायचं असेल तर साखरेतून कार्बन बाजूला काढून बघा. चाळून निघत नाही, गाळून निघत नाही, दाणा धरून निघत नाही. चमचाभर साखर कोरडीच तापवली की आधी तपकिरी होते, मग धुरते, शेवटी काळा कोळसा उरतो. कार्बन निघाला खरा, पण साखर राहिली नाही, आणि तो कोळसा पाण्यात ढवळून परत साखर होत नाही. रसातून पाणी काढलं, ते परत घातलं, तर गोड रसच मिळतो. घटक वेगळे करताना मूळ पदार्थच मोडला तर तो संयुग होता.

यात एक अडचण आहे. पुस्तकात साखरेचा द्रवणांक १८६ अंशांच्या आसपास दिलेला असतो, पण साखर वितळता वितळताच मोडायला लागते. त्यामुळे शुद्ध पदार्थाचा द्रवणांक ठरलेला असतो हे वर्गात दाखवायला साखर घेऊ नका, बर्फ घ्या.

स्पिरिटवाला

साहेब, तुमच्या मळीचं पुढे काय होतं ते मी बघतो, डिस्टिलरीत आहे. मॅडमसाठी एक भर घालतो, कारण एखादं पोरगं उद्या विचारेल: तापमान स्थिर राहिलं म्हणजे पदार्थ शुद्धच का?

नाही. मळी आंबवून अल्कोहोल करतो आणि कॉलममध्ये ऊर्ध्वपातन करतो. वजनाने ९५.६ टक्के अल्कोहोल आणि बाकी पाणी, इथे आलं की गाडी अडते. हे मिश्रण ७८.२ अंशांना उकळतं आणि वाफेतही तेच प्रमाण, खाली उरलेल्यातही तेच. तापमान अजिबात सरकत नाही. साहेबांनी सांगितलेली खूण इथे फसवते. पेट्रोलमध्ये मिसळायला ९९.५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल लागतं. ते मिळवायला वाफ आण्विक चाळणीतून सोडतात. त्या खड्यांची छिद्रं एवढी बारीक असतात की पाण्याचा रेणू आत अडकतो आणि अल्कोहोलचा मोठा रेणू पुढे जातो.

मग हे ९५.६ वालं संयुग नाही कशावरून? कॉलममधला दाब बदला, ते प्रमाणही बदलतं. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पाण्याचंही असंच एक स्थिर उकळणारं मिश्रण आहे. १८६० च्या सुमारास रॉस्को या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या दाबांखाली ते उकळून दाखवलं की प्रमाण दाबाप्रमाणे सरकतं, म्हणून ते मिश्रणच. साखरेतलं कार्बनचं प्रमाण कुठल्याही दाबाने सरकणार नाही.

शुगरलॅब_निवृत्त

उत्तम भर. आठवीला एवढं नको, पण नववीतल्या एखाद्याला नक्की झेपेल. एक खूण पुरत नसेल तर दुसरी लावून बघायची, ही सवयही मुलांना लागेल.

विज्ञानबाई_करवीर

काका, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. आलेख काढून झाला. पाण्याची रेघ आणि रसाची रेघ एकाच कागदावर, दोन रंगांत. शेवटची उभी चढण बघून मुलं गुळव्याच्या गप्प बसण्यावर बराच वेळ बोलत होती. गुऱ्हाळवाल्या मुलीने भिंगातून गूळ बघितला आणि दाणे दिसल्यावर पूर्ण वर्गाला ओळीने उभं करून दाखवला. कोळशाचा प्रयोग मी टेबलावर, खिडक्या उघड्या ठेवून करून दाखवला.

आता एकच मागणं. उकळणं झालं. गोठणं-वितळणं यातूनही शुद्ध पदार्थ आणि मिश्रण दाखवता येईल असं काही सुचवा, जे मुलं हाताने करू शकतील. गॅस आणि ११७ अंशांचा पाक मुलांच्या हातात देता येत नाही.

शुगरलॅब_निवृत्त

पेप्सी आणा. ती प्लॅस्टिकच्या नळीतली, शाळेबाहेर मिळणारी, रंगीत बर्फाची. पोरं ती कशी खातात बघा: एक टोक फोडून जोरात चोखतात, सगळा रंग आणि गोडी आधी तोंडात येते आणि नळीत पांढरा, बेचव बर्फ उरतो. मग तो कुणालाच नको असतो. या एका गोष्टीत तुमचा अर्धा धडा आहे.

सरबत गोठताना बर्फाचा स्फटिक फक्त पाण्याचे रेणू घेतो. साखर आणि रंग बाहेर राहतात, त्यामुळे उरलेलं सरबत दाट होत जातं. दाट झालं की त्याचा गोठणबिंदू आणखी खाली जातो, मग ते स्फटिकांच्या मधल्या फटींत शेवटपर्यंत ओलं राहतं. तुम्ही चोखता तेव्हा ते दाट सरबत आधी निघतं. काहिलीत पाणी वर निघून गेलं आणि साखर उरली, इथे पाणी बर्फ होऊन बाजूला झालं. पॅनमध्ये दाणा साखरेचा होता आणि बाहेर राहणारी मळी, इथे दाणा पाण्याचा आणि बाहेर राहणारी साखर. मुलांना हा उलटा मेळ स्वतः शोधू द्या, तुम्ही सांगू नका.

प्रयोग असा करा. विकतच्या पेप्सीत साखर किती हे कळत नाही, म्हणून सरबत घरी करा: एक लिटर पाणी, दीडशे ग्रॅम साखर, खायचा लाल रंग. प्लॅस्टिकच्या पेल्यांत ओता. एका पेल्यात नुसतं पाणी. रात्रभर फ्रीझरमध्ये. दुसऱ्या दिवशी गोठलेले दोन्ही गोळे वेगवेगळ्या गाळण्यांत, खाली स्वच्छ वाटी ठेवून वितळू द्या. दर थोड्या वेळाने वाटी बदला आणि वाट्यांना ओळीने आकडे घाला. सरबताच्या पहिल्या वाट्या गडद लाल आणि पुढच्या फिकट होत जातील, शेवटची जवळजवळ पाण्यासारखी. नुसत्या पाण्याच्या बर्फाच्या सगळ्या वाट्या सारख्याच दिसतील.

दिसण्यावर थांबू नका, मोजा. ऊस पक्व झाला का हे बघायला कारखान्याचे शेती खात्यातले लोक हातातला रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फिरतात. शाळेचं पत्र दिलंत तर एक दिवसासाठी कुणीही देईल. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून आत बघायचं, निळी-पांढरी हद्द जिथे येते तो ब्रिक्स. मूळ सरबत तेराच्या आसपास दाखवेल. पहिली वाटी त्याच्या बरीच वर आणि शेवटची शून्याकडे झुकलेली यायला हवी. वाट्या गार असताना मोजू नका, थेंब खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आकडा चुकतो.

थर्मामीटरही लावा. वितळणाऱ्या साध्या बर्फात तो शून्यावर बसून राहील, बर्फ संपेपर्यंत. सरबताच्या बर्फाचा चुरा करून त्यात खुपसा, तो शून्याच्या खाली सुरू होईल आणि वितळत जाईल तसा हळूहळू वर सरकेल. फरक अंश-दीड अंशाचाच असतो, म्हणून शाळेच्या कपाटात अर्ध्या अंशाच्या खुणांचा थर्मामीटर असेल तर तो घ्या. साध्यावर तो फरक मुलांना वाचता येणार नाही. आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलाला वाट्या बदलायच्या कामावर बसवा.

विज्ञानबाई_करवीर

शेती खात्याच्या ऑफिसला पत्र लिहून दिलं, रिफ्रॅक्टोमीटर सोमवारी मिळतोय. वाट्या मुलं घरून आणणार आहेत. ब्रिक्सचे आकडे आले की इथेच टाकते, तपासून सांगा.